ताटाच्या काठावरचं नाव

माझ्या पर्समध्ये पावडरची डबी कधी नव्हती. स्टीलचा एक पेला आणि जुन्या पँटच्या कापडाची पिशवी मात्र कायम असायची. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका मला 'चालता-बोलता भांडीबाजार' म्हणायच्या. सहल पन्हाळ्याला गेली की सगळ्याजणी प्लॅस्टिकच्या कपातून चहा प्यायच्या आणि कप तटावरून खाली भिरकावायच्या. मी टपरीवाल्यापुढं आपला पेला धरायची. रविवारी मटणाच्या रांगेत उभी राहायची तीही डबा घेऊन. दुकानदार पहिल्यांदा म्हणाला, "बाई, पिशवी फुकट हाय की." मी म्हटलं, "फुकट हाय म्हणून घरात कचरा भरू व्हय?" सगळी रांग हसली. दोन-तीन वर्षांनी तोच दुकानदार इतर गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "डबा आणत चला, त्या मास्तरीणबाईंगत." हे सांगताना मला अभिमान वाटतो. ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही, आणि माझं भांडं तर रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलेलंच आहे.

ह्या सगळ्याला पर्यावरण म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडं ती नुसती आईची रीत होती. आई कागलकडच्या एका खेड्यात दुसऱ्याच्या मळ्यात राबायची. आमच्या घरात काहीच वाया जात नसे. लुगडं विरलं की त्याची वाकळ व्हायची, वाकळ फाटली की तिचं पायपुसणं, आणि पायपुसण्याच्या चिंध्या झाल्या की त्या चुलीला लावायच्या. टाकून देण्याइतकं आमच्याकडं काही नव्हतंच, म्हणून ही सवय लागली असं कुणी म्हणेल. म्हणू दे. सवय कशानं लागली यापेक्षा ती टिकली का, हे मी बघते.

आईची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मळ्याच्या मालकाच्या गोठ्यात, वळचणीला, कान तुटलेली एक कपबशी उलटी ठेवलेली असे. ती आमच्यासाठी. आम्ही बौद्ध. आईच्या लहानपणीच घरानं धम्म घेतला होता, पण कपबशी काही बदलली नव्हती. चहा वरून ओतायचे. आई प्यायची, आपणच विसळायची आणि परत उलटी ठेवायची. त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. पण मी कोल्हापुरात शाळेत नोकरीला लागले आणि पहिल्या पगारात तुला काय आणू असं विचारलं, तेव्हा तिनं एका दमात सांगितलं, "चार ताटं आण. नाव घालून." तिला वाचता येत नव्हतं. ती काठावरच्या अक्षरांवरून बोट फिरवायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही शहराच्या कडेला एका नव्या कॉलनीत घर बांधलं. चोवीस घरं, मागं ओढा. आमच्या दारावर आमचं आडनाव होतं, आणि आमच्याकडं आडनाव वाचलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. लोक वाईट नव्हते. आजारपणात धावून यायचे, कढीपत्ता मागायला यायचे. पण हळदीकुंकवाला मला फुलं मिळायची आणि खाऊ मात्र कागदाच्या पुडीत मिळायचा. बाकीच्यांना डिशमध्ये. मी बघायची आणि घरी आल्यावर भांडी जरा जास्त जोरात घासायची.

कॉलनीचा मोठा सण म्हणजे गणपतीतलं जेवण. आमच्या घरी गणपती बसत नाही. पण जेवण गल्लीचं, देव ज्याचा त्याचा, असं आमच्या ह्यांचं मत, आणि मलाही ते पटलेलं. त्या दिवशी सकाळपासून बायका वांगी चिरायला, गव्हाच्या खिरीचा गूळ फोडायला बसायच्या. मला काम एकच. ताटल्या मांडणं. थर्माकोलच्या पांढऱ्या ताटल्या, बाजूला थर्माकोलचीच वाटी. अन्नाला हात लागायच्या आधीचं काम माझं, आणि जेवणं झाल्यावर त्या गोळा करायचं कामही माझंच. हे कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. दरवर्षी आपोआप ठरत होतं.

पंगतीला सगळी कॉलनी बसायची, एक बाई सोडून. कोपऱ्यातल्या घरात एक वयस्क जैन बाई राहायच्या. नवरा धान्याचा व्यापारी, वारलेला. मुलगा ते दुकान बघायचा. सगळी कॉलनी त्यांना आक्का म्हणायची. त्यांच्यासारख्यांसाठी पहिली पंगत दिवस मावळायच्या आत बसवायचे, कांदा-लसणाविना वेगळी आमटी करायचे. मुलगा-सून जेवायचे. आक्का मंडपात यायच्या, सगळ्यांची विचारपूस करायच्या आणि न जेवता घरी जायच्या. मी ताटल्या मांडत असायची. माझा हात लागलेली ताटली त्यांना चालत नाही, असा मी त्याचा अर्थ लावून टाकला होता. दहा वर्षं तो अर्थ मी मनात जपला आणि आक्कांशी कामापुरतंच बोलले.

ताटल्या शेवटी कुठं जायच्या हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पोत्यात भरून मीच द्यायची, आणि मंडळाची माणसं ती पोती मागं ओढ्यात रिकामी करायची. ओढा पुढं पंचगंगेला मिळतो. नदीला आई म्हणायचं, आरती करायची, आणि आपलं खरकटं तिच्या पदरात टाकायचं. मी एकदा हे बोलून दाखवलं, तर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, शाळा सुटली आता."

मग एका जुलैमध्ये ओढा तुंबला आणि पाणी कॉलनीत शिरलं. पाणी ओसरल्यावर प्रत्येकाच्या दारात पांढऱ्या ताटल्या पडल्या होत्या. गेल्या गणपतीतल्या, त्याच्या आदल्या गणपतीतल्या. अध्यक्षांच्या तुळशीकट्ट्यावर तर पाच-सहांची चळत बसली होती, मांडून ठेवल्यागत. मी पाहायला गेले आणि म्हटलं, "अध्यक्ष, पंगत तुमच्या दारात बसलीया." त्यांना हसू आलं नाही. पण त्या वर्षी थर्माकोल बंद झालं.

पहिला उपाय पुरुषांनी केला, आणि तो खास कोल्हापुरी होता. शाहूवाडीकडून पानांच्या पत्रावळ्या आणि द्रोण मागवले. कल्पना चांगली होती. पण आमच्याकडं आमटी पातळ लागते. ती भातावर घेऊन भागत नाही, वाटी तोंडाला लावून ओरपायची असते, आणि वाढणाराही "घ्या की, घ्या की" करत काठोकाठ ओततो. काड्यांनी टाचलेल्या द्रोणाला हा पाहुणचार सोसणार कसा? पहिल्याच वाढीला आमट्या वाहायला लागल्या. पांढरे शर्ट, इस्त्रीचे लेंगे, सगळ्यांच्या मांड्यांवर तांबडे डाग. कुणीतरी द्रोणाखाली द्रोण, त्याखाली द्रोण असे चार लावले, तरी आमटीनं वाट काढलीच. एकानंही "आमटी कमी वाढ" म्हटलं नाही. कोल्हापुरी माणूस कपडे घालवेल, पण आमटी घटवणार नाही.

त्यानंतरच्या बैठकीत मी उभी राहिले. म्हटलं, घरटी पाच स्टीलची ताटं, पाच वाट्या द्यायच्या. हरवू नयेत म्हणून प्रत्येकानं आपलं आडनाव घालून द्यायचं. सगळी एकत्र ठेवायची, आणि जेवण झालं की ज्यानं त्यानं आपलं ताट आपण धुवायचं. पुरुषमंडळी जरा चुळबुळली. एकजण म्हणाले, "आम्ही भांडी घासायची व्हय?" त्यांच्याच बायकोनं मागून उत्तर दिलं, "एक दिवस घासा की, हात झडत न्हाईत." ठराव पास झाला. मी घरी आले ती अगदी ताठ मानेनं.

ताठ मान एकच दिवस टिकली. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या वहिनी आल्या. त्या माझ्या जवळच्या. आमच्या मुली एकाच वर्गात होत्या. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. तुमच्या ताटांवर एखादी खूण करूया का? म्हंजे ती तुमच्याच घरी येतील. माझं काय न्हाय ओ. म्हाताऱ्या माणसांचं बघाय लागतंय."

मला एकदम गोठ्यातली कपबशी आठवली. मी चहाच्या कपबशा उचलल्या आणि मोरीत नेऊन जोरजोरात घासायला लागले. वहिनी घाईनं उठून गेल्या.

आमचे हे ऑफिसातून आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. ते शांत माणूस. बूट काढता काढता म्हणाले, "थर्माकोलच बरं होतं. त्याला जात नव्हती."

मला रडू कोसळलं. कारण ते खरं होतं. एकदा जेवून फेकायच्या ताटलीत कालच्याचं उष्टं आज दिसत नाही. तीत कोण जेवलं हे कुणाला विचारायची वेळच येत नाही. दहा वर्षं आम्ही एकत्र जेवत होतो असं मी समजत होते. खरं तर आम्ही एकत्र फेकत होतो. आता धुऊन परत वापरायचं म्हटल्यावर पहिलाच प्रश्न निघाला, कुणाचं ताट कुणापुढं. आणि तो प्रश्न मीच हट्टानं बाहेर काढला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हे म्हणाले, "आपण ह्या वर्षी गावी जाऊ. ताटं देऊ, जेवायला नको." मी त्यावर विचार केला. खरंच केला. गावी गेलो असतो तर कुणाची अडचण झाली नसती, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता आणि ओढाही स्वच्छ राहिला असता. पण मग ती कपबशी परत उलटी ठेवल्यासारखं झालं असतं. तेही ह्या वेळी माझ्याच हातानं. ते मला जमणारं नव्हतं.

मी महाद्वार रोडला गेले. पाच ताटं, पाच वाट्या घेतल्या आणि नाव घालणाऱ्यापुढं ठेवल्या. तो नेहमीप्रमाणे ताट उलटं करून मागच्या बाजूला यंत्र टेकवायला लागला. मी म्हटलं, "मागं नको. वर. काठावर."

"वर? जेवणाऱ्याला दिसंल की."

"दिसू दे."

"किती मोठं घालू?"

"लांबनं वाचता आलं पाहिजे."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि यंत्र सुरू केलं. घरघर आवाज करत आमचं आडनाव काठावर उमटलं. शाळेच्या फळ्यावर लिहिते तसलं ठसठशीत.

जेवणाच्या दिवशी मांडायचं काम नेहमीसारखं माझ्याकडंच आलं. चोवीस घरांची ताटं धुऊन पुसून मंडपात रचली होती. आमची पाच कुठल्याही घरापुढं ठेवायची मला मोकळीक होती. आमच्याच घरच्यांपुढं मांडली असती तर प्रश्नच मिटला असता. मी सगळी ताटं पत्त्यांसारखी पिसली आणि नाव न बघता मांडत गेले.

पहिली पंगत बसायला लागली, ऊन कलत होतं. आणि मंडपाच्या दारातून आक्का आल्या. हातात त्यांचा गाळलेल्या पाण्याचा तांब्या. नेहमीसारख्या विचारपूस करून परत जातील असं सगळ्यांना वाटलं. त्या सरळ आत आल्या, सतरंजीच्या टोकाला बसल्या आणि म्हणाल्या, "मी पण बसतो आज."

त्यांच्यापुढचं ताट आमचं होतं. मला लांबूनही वाचता येत होतं. तसंच घालून घेतलं होतं ना मी. वहिनींनाही दिसलं. त्या धावत आल्या. "आक्का, थांबा, ताट बदलून देतो."

"का? भोक हाय व्हय त्याला?"

"तसं न्हवं ओ. नाव बघा की."

बादली घेऊन उभा असलेला वाढपी तसाच थांबला. आक्कांनी ताटाकडं बघितलंसुद्धा नाही. "वाचलंय मी नाव. एवढं मोठं घातलंय, चष्म्याबिगर दिसतंय. बदलायचं कशाला? वाढा आता, दिवस मावळाय लागलाय."

आमटी वाढली गेली. आक्का जेवल्या. सावकाश, शेवटचं शीतसुद्धा बोटानं टिपून. मग त्यांनी तांब्यातलं पाणी ताटात ओतलं, बोट फिरवून ताट आतून धुतलं, दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. थेंब ठेवला नाही. आमच्या आडनावाचा काठ त्यांच्या ओठाला लागलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

मी जवळ गेले. त्याच बोलल्या. "धा वर्सं त्या थर्माकोलामुळं बसत न्हवतो बघ, मास्तरीण. अन्नाचा कण ताटात ठेवायचा न्हाय, धुऊन प्यायचं, ही आमची रीत. त्यात पाणी घातलं की वास मारायचा, आणि पत्रावळीत तर पाणी ऱ्हातच न्हाय. मग उष्टं टाकून उठायचं? त्यापरीस न जेवल्यालं बरं. तू हे ब्येस केलंस."

दहा वर्षं! दहा वर्षं मी त्या बाईबद्दल मनात गाठ बांधून ठेवली होती, आणि ती बाई ताटलीवर रुसलेली होती. माझ्याशी तिचं काही भांडणच नव्हतं. मला लाजही वाटली आणि हसूही आलं. तिच्या पायाशी बसून मी पदरानं डोळे पुसले, ते सगळ्या मंडपानं पाहिलं. पाहू दे.

मग अध्यक्षांनी आपलं ताट उचललं आणि टबाकडं निघाले. त्यांच्या मागं बाकीचे. पुरुषांची भांडी घासायची रांग आमच्या कॉलनीनं पहिल्यांदाच पाहिली. कुणी राख सांडली, कुणी लेंगे भिजवले, पण ताटं लख्ख निघाली. समोरच्या वहिनी माझ्या शेजारी बसून विसळत होत्या. त्यांच्या हातात आमचं ताट आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा विसळलं आणि आपल्या पदराला पुसून मग चळतीवर ठेवलं. मला तेवढं पुरलं.

सगळी ताटं मोजली तेव्हा एक कमी भरलं. आमचंच. वाटलं, कुणीतरी रागानं ओढ्यात टाकलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांची सून दारात आली. तिच्या हातात एक ताट होतं, काठामागं त्यांचं आडनाव घातलेलं. म्हणाली, "आत्याबाईंनी तुमचं ठेवून घेतलंय. बदली हे द्या म्हणाल्यात. नाव वाचता येतंय तेच बरं, म्हणाल्या."

तेव्हापासून त्यांचं ताट माझ्या घरात आहे. पुढच्या दोन-चार वर्षांत कॉलनीची ताटं आसपासच्या गल्ल्यांत बारशा-लग्नांना जायला लागली. ओढ्याच्या काठावर पांढरं काही दिसेनासं झालं. ताटल्या मांडायचं काम आता वाटून करतात, आणि मी वांगी चिरते. चिरते तीही सगळ्यांच्या मध्ये बसून, सगळ्यांना सूचना देत. मला माझा स्वभाव माहीत आहे. आणि घरी एकटी जेवत असले की आक्कांच्या ताटात पाणी घालून, बोट फिरवून, पिऊन टाकते. घासायला पाणी कमी लागतं, हे एक कारण. दुसरं सांगायची गरज नाही.

आक्का गेल्या त्यानंतर महिन्याभरानं त्यांचा मुलगा आमच्याकडं आला. हातात ते ताट. मला वाटलं, परत द्यायला आला. मी म्हटलं, "राहू द्या तुमच्याकडं."

"परत न्हाय द्यायला आलो," तो म्हणाला. "आई रोज ह्यातच जेवायची. राखेनं घासून घासून नाव पुसाय लागलंय बघा. जायच्या आधी सांगून गेलीया, मास्तरणीकडनं नाव परत घालून घ्या, आणि ताट घरातच ठेवा."

मी ताट हातात घेतलं. अक्षरं खरंच विरली होती. मी काठावरून बोट फिरवलं, आई फिरवायची तसं, तेव्हा ती बोटाला लागली.

दुसऱ्याच दिवशी महाद्वार रोडला गेले. नाव घालणारा म्हातारा झाला होता, पण त्यानं मला ओळखलं. ताट न सांगता सुलट धरलं, काठावर यंत्र टेकवलं आणि हसून विचारलं, "किती मोठं घालू, बाई?"

"होतं तेवढंच," मी म्हटलं.